नववीतल्या मुली मैदानावर का येत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. विजापूर रोडकडच्या एका शाळेत दोन वर्षांपूर्वी लागलेल्या क्रीडाशिक्षिका लिहितात: आठवी ते दहावीच्या १८० मुलींपैकी २२ जणींचं वजन यंदाच्या आरोग्य तपासणीत जास्त निघालं. मुख्याध्यापकांनी त्या २२ जणींचा वेगळा गट करून रोज अर्धा तास पळवायला आणि दर शनिवारी वजन वहीत लिहायला सांगितलंय. इकडे पी.टी.च्या तासाला निम्म्या मुली लिंबाखाली बसून असतात. कुणाचं पोट दुखतं, कुणाचा पाय. सुरुवात कुठून करू?

ताई, सुरुवात त्या यादीपासूनच करा. ती घडी घालून कपाटात ठेवा आणि कुलूप लावा. २२ जणींचा वेगळा गट काढू नका. मुख्याध्यापकांना काय सांगायचं ते पुढे लिहिते, पण हे आधी सांगते, कारण ही चूक मी स्वतः करून बसले आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलींच्या शाळेत मी २७ वर्षं पी.टी. शिकवली. सहाव्या की सातव्या वर्षी मलाही असाच उत्साह आला होता. चौदा मुली निवडल्या, परिपाठ संपला की त्यांना मागे थांबवायचं, मैदानाला फेऱ्या, मग वजनकाटा. आठवड्याच्या आत अख्ख्या शाळेनं त्या गटाचं नाव ‘टमटम’ ठेवलं. मला ते दिवाळीनंतर कळलं. आठवीतली एक मुलगी सकाळी काही न खाता यायला लागली आणि एक दिवस प्रार्थनेला उभी असतानाच कोसळली. तिची आई विड्या वळायची. हातातलं सूप बाजूला ठेवून तशीच धावत शाळेत आली आणि मला म्हणाली, “बाई, पोरगी भाकर खाईना झाली की ओ. तुम्ही काय सांगितलाव तिला?” मी काहीच सांगितलं नव्हतं. फक्त तिला काट्यावर सगळ्यांसमोर उभं केलं होतं.

वर्षअखेरीला त्या चौदा जणींची वजनं जिथल्या तिथं होती. दोन-तीन जणींची वाढलेली. आणि दहावी होईपर्यंत त्यांतली एकही परत मैदानाच्या बाजूला फिरकली नाही. वजन तर कमी झालं नाहीच, खेळ मात्र कायमचा सुटला.

पुढे वाचायला लागल्यावर कळलं की मोठमोठ्या लोकांच्याही हाताला फार वेगळं लागलेलं नाही. अमेरिकेत ३६ शाळांमधल्या सहावी ते आठवीच्या मुलींवर तीन वर्षं एक मोठा प्रयोग झाला, निकाल २००८ मध्ये आले. खेळाचे तास सुधारले, आरोग्याचे धडे दिले, शाळेबाहेरच्या संस्था जोडून घेतल्या. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या मुली इतर मुलींपेक्षा दिवसाला साधारण दीड मिनिट जास्त हलत होत्या. शरीरातल्या चरबीत फरक नाही. मिनेसोटात बारा शाळांमध्ये फक्त मुलींसाठी वेगळा खेळाचा तास ठेवून पाहिला, त्याचे निकाल २०१० चे. तिथंही चरबी तेवढीच राहिली. पण मुलींचं बसून राहणं कमी झालं, उपाशी राहून बारीक व्हायचे प्रकार कमी झाले आणि स्वतःच्या शरीराबद्दल त्या जरा बरं बोलायला लागल्या.

यावरून कुणी म्हणेल की मग कशाला एवढा खटाटोप. मी उलटं म्हणते. आठवड्याला दोन-तीन तासिकांत वजन उतरवून दाखवतो असं कुठल्याही शाळेनं कबूल करू नये, कारण ते शाळेच्या हातात नाही. घरचं ताट, झोप, मोबाईल, क्लास, घराण्याची ठेवण, सगळं त्यात येतं. चौदाव्या वर्षी सुटणारं मैदान सुटू न देणं मात्र शाळेच्या हातात आहे. सतराव्या वर्षीही जी मुलगी हौसेनं दोरीवर उड्या मारते, तिच्या वजनाची काळजी तुम्हाला-मला फारशी करावी लागत नाही.

आता त्या २२ च्या आकड्याबद्दल. तो कसा काढला ते आधी विचारा. वजन भागिले उंचीचा वर्ग, आणि मोठ्या माणसांची २५ ची रेघ लावली असेल, तर तो हिशेब मुलींना चालत नाही. वाढत्या वयात वयाप्रमाणे रेघ बदलते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, मुलींचे वेगळे, मुलांचे वेगळे. शाळेत येणाऱ्या डॉक्टरांकडे ते मागा. शिवाय पाळी यायच्या आगेमागे मुलींच्या अंगावर चरबी वाढते, ती वाढायलाच हवी. आधी उंची सपाट्यानं वाढते, मग ती मंदावते आणि अंग भरतं. बारा-तेराव्या वर्षी ‘अंग सुटलंय’ म्हणून ज्या पोरींना टोमणे बसतात, त्यांतल्या कितीतरी जणी अगदी ठीक असतात.

दुसरं, तुमच्या १८० मध्ये जाड मुलींपेक्षा बारीक मुली जास्त असण्याची शक्यता आहे. २०१६ ते १८ मध्ये देशभर मुलांच्या पोषणाची पाहणी झाली. १० ते १९ वयोगटात जास्त वजनाची मुलं सुमारे ५ टक्के निघाली आणि कमी वजनाची २४ टक्के. शहरातल्या बऱ्या घरांत चित्र वेगळं असतं हे मान्य, पण विडी कामगारांच्या घरकुलातून येणाऱ्या आणि जुळे सोलापुरातल्या सोसायटीतून येणाऱ्या मुली एकाच बाकावर बसतात, हे आपल्या शाळांचं वास्तव आहे. रक्ताची कमतरता तर दोघींकडेही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींचं रक्त कमी भरलं. दोन फेऱ्यांत धाप लागून बसणारी पोर आळशी आहे असं ठरवण्याआधी तिची पापणी खाली ओढून आतून फिकट आहे का बघा. आणि शाळेत मिळणारी ती आठवड्याची लोहाची निळी गोळी खरंच पोटात जाते की दप्तरातून गटारात, हेही बघा. जेवणानंतर घ्यायची, वर चहा नाही. एवढं सांगितलं तरी मळमळीच्या निम्म्या तक्रारी मिटतात.

त्यामुळे कार्यक्रम करायचा तो १८० जणींचा. यादीतल्या मुलींसाठी वेगळं एकच काम आहे, आणि ते मैदानावर करायचं नाही. मानेवर, काखेत काळपट जाडसर पट्टा आला असेल, पाळी तीन-तीन महिने येत नसेल, हनुवटीवर केस वाढत असतील, तर आईला एकटीला बोलावून डॉक्टरकडे पाठवा. तो मानेचा पट्टा मळ नसतो. आया डाळीचं पीठ लावून, दगडानं घासून पोरींची कातडी सोलतात. पुष्कळदा ती शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची खूण असते. हे काम डॉक्टरचं, आपलं फक्त ओळखायचं.

मुख्याध्यापकांचं म्हणाल, तर त्यांना आकडा हवा असतो, तो द्या. वजनाचा नको, मिनिटांचा द्या. मी एकदा स्टॉपवॉच घेऊन माझ्याच तासाला एका मुलीवर डोळा ठेवला होता. ३५ मिनिटांची तासिका. वर्गातून खाली यायला सहा मिनिटं, हजेरी आणि ओळी चार, सूचना तीन. मग साठ मुलींत दोन चेंडू. ती मुलगी प्रत्यक्ष हलली किती? साडेचार मिनिटं. बाकी वेळ ती रांगेत उभी होती आणि रांगेत उभं राहायला मीच सांगितलं होतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते या वयात दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमदार हालचाल हवी, त्यातून आठवड्यात तीन दिवस तरी हाडं-स्नायू बळकट करणारी: उड्या, चढणं, जोर. आमचा तास साडेचार मिनिटांचा! तुमच्याकडे करून बघा. हा आकडा मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला की वजनाचा विषय आपोआप मागे पडतो, कारण साडेचाराचे वीस करणं दोन महिन्यांत जमतं आणि तपासणीला आलेल्या साहेबांनाही दाखवता येतं.

दमदार म्हणजे किती, हे मुलींना असं सांगते: चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तेवढं.

आता लिंबाखालच्या मुली. त्यांना उठवायच्या आधी त्या का बसतात ते विचारा. तोंडी विचारू नका, खरं सांगणार नाहीत. मी एक बुटाचं खोकं ठेवलं होतं, वर फट पाडून. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची: मला खेळायला नको वाटतं कारण. दोन दिवसांत शंभरावर चिठ्ठ्या आल्या. मराठी, कन्नड वळणाची मराठी, दोन उर्दूत, चार तेलुगूत. घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर पसरल्या आणि रात्री अकरापर्यंत वाचत बसले. ‘आळस’ असं तीन की चार जणींनी लिहिलं होतं. बाकीच्यांचं काय होतं सांगते.

सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द ‘बघायलेत’. भिंतीपलीकडे कारखाना होता, जेवणाच्या सुट्टीत त्याच्या गच्चीवर पोरं येऊन बसायची. ‘पळताना सगळं हलतं आणि पोरं बघायलेत, म्हणून नको वाटतं.’ हे वाक्य जवळपास असंच कितीतरी चिठ्ठ्यांत होतं. मी स्वतः खो-खो खेळलेली बाई, पण मला हे कधी सुचलं नव्हतं. ब्रिटनमध्ये ११ ते १८ वयाच्या दोन हजारांवर शाळकरी मुलींना याबद्दल विचारलं गेलं, त्याचे निकाल २०१६ मध्ये छापून आले. जवळजवळ निम्म्या, ४६ टक्के, मुलींनी सांगितलं की छातीच्या अडचणीमुळे त्यांच्या खेळण्यावर परिणाम होतो. आपल्याकडे हा विषय आईही बोलत नाही, बाईही नाही. आठवीच्या पहिल्या आठवड्यात दार लावून वीस मिनिटं बोला: खेळताना आतला कपडा घट्ट बसणारा हवा, स्पोर्ट्स ब्रा परवडत नसेल तर मापाची साधी सुती ब्रा आणि वरून अंगाला बसणारी बनियान, तरी फरक पडतो. तुम्ही बाई आहात, तुम्हाला हे जमेल. पुरुष क्रीडाशिक्षक हे वाचत असतील तर त्यांनी हा तास शाळेतल्या एखाद्या मॅडमकडे सोपवावा, पण सोडू नये.

गच्चीचं काय केलं? कारखान्याच्या मालकाला जाऊन भेटले. भला माणूस निघाला, गच्चीचं दार बंद केलं. शिवाय मैदानाच्या त्या बाजूला चादरीच्या कारखान्यातलं रद्दी कापड जोडून पडदा बांधला. चादरींच्या गावात कापडाला काय तोटा! तुमच्याकडे रस्त्याच्या बाजूचं फाटक असेल, तर तिथून सुरुवात करा.

मग गणवेश. सलवार-कमीज, त्यावर पिनांनी टाचलेली ओढणी, पायात पट्ट्यांची चप्पल. यात कोण पळेल? पी.टी.च्या दिवशी घरूनच ट्रॅकपँट आणि ढगळ टी-शर्ट घालून यायची परवानगी घ्या, कपडे बदलायची भानगडच नको. बुरखा घालून येणाऱ्या मुलींसाठी आत एक खोली ठेवा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल चालेल असं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. सांगितलं नाही तर त्या विचारतही नाहीत, गुपचूप बसून राहतात. माझ्याकडची लंगडीतली सगळ्यात चपळ मुलगी अशीच दीड वर्ष बसून होती.

पाळीचे दिवस. चिठ्ठ्यांतलं पोटदुखीचं कारण पुष्कळदा खरं असतं, तिला खोटं पाडू नका. पण ‘त्या दिवसांत खेळायचं नसतं’ हे खरं नाही, हलक्या हालचालीनं उलट बरं वाटतं, हेही सांगा. माझ्या कपाटात पॅडचा पुडा असायचा आणि किल्ली दहावीच्या मुलीकडे, म्हणजे मला विचारायला लागू नये. आणि शौचालय. दाराला कडी नसेल तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. सोलापूरच्या उन्हात सकाळपासून घोटभर पाणी न प्यायलेली मुलगी तिसऱ्या तासाला मैदानावर चक्कर येऊन पडली, तर दोष त्या तुटलेल्या कडीचा. एक कडी बसवायला मला अकरा महिने अर्ज करावे लागले होते. शेवटी घरून स्क्रूड्रायव्हर नेला.

एक कारण बाहेरगावच्या कुणाला कळणार नाही, ते पाण्याचं. काही दिवसांआड नळाला पाणी येतं, त्या दिवशी घरातली मोठी मुलगी हांडे-घागरी भरत असते. सकाळच्या सरावाला ती कशी येणार? मी पेठेपेठेचे पाण्याचे दिवस फळ्यावर लिहून ठेवायचे आणि त्या दिवशीची गैरहजेरी लावायची नाही. जगातल्या ११ ते १७ वयाच्या मुलींपैकी ८५ टक्के पुरेशी हालचाल करत नाहीत असा २०१६ चा हिशेब आहे, आणि त्यात भारताच्या मुली जरा बऱ्या ठरल्या. कारण काय असावं, तर घरकाम, असं ते अभ्यासकच म्हणतात. हे वाचून हसावं की रडावं कळेना. घागर उचलणं हा व्यायाम आहे, पण त्यात खेळ नाही. तो मुलीला मैदानावरच मिळतो.

राहिलेली मोठी भीती म्हणजे शेवटचं येण्याची. पळायच्या शर्यतीत शेवटची येणारी मुलगी नेहमी तीच असते आणि ते तिला सुरू व्हायच्या आधीच माहीत असतं. म्हणून तुमच्या पहिल्या तिमाहीत शर्यत नको आणि ‘आऊट’ होऊन बाहेर बसायचा खेळ नको. बाद होणाऱ्या पहिल्या मुलीच व्यायामाची सगळ्यात जास्त गरज असलेल्या असतात, आणि त्याच बाहेर बसून बघतात. आणखी एक, उशीर झाला, गृहपाठ नाही, म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणाऱ्या शिक्षकांना थांबवा. ज्या गोष्टीची शिक्षा असते ती गोष्ट कुणाला आवडत नाही. यावरून माझं गणिताच्या सरांशी भांडण झालं होतं, अजून ते नीट बोलत नाहीत.

मग खेळायचं काय? अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात २४ हायस्कूलांत मुलींना खेळ निवडायला दिले, स्पर्धा कमी केली, काही तास फक्त मुलींचे ठेवले. वर्षअखेरीला तिथल्या ४५ टक्के मुली जोरकस व्यायाम करत असल्याचं सांगत होत्या, नेहमीच्या शाळांत ३६ टक्के. निवड हा त्यातला गाभा, असं माझं मत. आपल्याकडे निवडायला तोटा नाही, फक्त मैदानाचे चार तुकडे करायचे आणि साठ मुली त्या चार तुकड्यांत वाटायच्या.

एका तुकड्यात विषामृत. विष लागलं की तिथंच थिजायचं, अमृत लागलं की परत पळायचं, कुणी बाहेर नाही. दुसऱ्यात दोऱ्या. बाजारातून नायलॉनची दोरी मीटरवर घ्या, मधोमध पाय ठेवला की मुलीच्या काखेपर्यंत दोन्ही टोकं येतील अशी कापा, टोकं मेणबत्तीवर जाळा, झाली दोरी. दोघींनी लांब दोरी फिरवायची आणि बाकीच्यांनी एकेक आत शिरायचं, हे जाड-बारीक सगळ्या मुलींना आवडतं, आणि उड्यांनी हाडं पक्की होतात ती याच वयात. तिसऱ्यात लंगडी किंवा लगोरी. चौथ्यात छोटा खो-खो: खांबाऐवजी दोन विटा, बसायला आठाऐवजी पाच जणी, डाव दोन मिनिटांचा. पूर्ण नियमांचा खो-खो आधीच आणला की चार चपळ मुली खेळतात आणि उरलेल्या पाटीवर उकिडव्या बसून राहतात. नियम नंतर. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळालाय, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला तो आपल्या मुलींनी नेपाळला हरवून जिंकला, हे जरूर सांगा. पण ते दमून बसल्यावर, पाणी पिताना.

आणि लेझीम. सोलापुरात गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम बघितली नाही असं पोर नसेल, तरी हातात घ्यायला मिळते ती बहुतेक मुलांनाच. वीस लेझमा आणि एक हलगी आणा, मग बघा. पुढे झुकणं, उठाबशी, पावली, हात डोक्यावर. दहा मिनिटांत पाठ ओली होते, आणि शेवटची कुणी येत नाही कारण सगळ्या एका ठेक्यात असतात. माझ्याकडे ज्या मुलीला पळताना हसायचे, ती लेझमीत पहिल्या रांगेत असायची. ताल तिच्या अंगात होता. घरात चार माग चालायचे, त्या खटखटीत ती वाढलेली. दसऱ्याच्या आसपास तेलुगू मुलींना बतुकम्माचा, म्हणजे त्यांच्या फुलांच्या सणाचा, फेर शिकवायला लावा, श्रावणात फुगडी, झिम्मा, पिंगा. बसफुगडी दोन मिनिटं घालून बघा, तुमच्या मांड्या तीन दिवस दुखतील. मुलींना हा व्यायाम वाटत नाही, हेच त्याचं बळ.

ताकदीचे खेळ विसरू नका. जाड म्हणून हिणवलेल्या मुलीच्या हातात एकदा गोळा द्या. आपल्याच जिल्ह्यातली किरण नवगिरे आधी भालाफेक, गोळाफेक करायची. २०२२ मध्ये नागालँडकडून ट्वेंटी-२० सामन्यात १६२ धावा कुटल्या आणि त्याच वर्षी भारताकडून खेळली. सगळ्या अंगांना पळायचंच काम देऊ नये.

वेळ. सकाळच्या सत्रात पहिल्या किंवा दुसऱ्या तासिकेला पी.टी. मागून घ्या. दुपार सत्र असेल तर शेवटची. संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला की हजेरी तशीही पातळ होते, आणि मार्चपासून ऊन चाळिशीकडे निघतं. तेव्हा मैदान बंद: व्हरांड्यात दोऱ्या, वर्गात सूर्यनमस्कार, जिन्यावर चढउतार. तेवढ्यानं भागत नाही हे खरं, म्हणून इतर शिक्षकांकडून एक भीक मागा. दोन सलग तासिकांच्या मध्ये तीन मिनिटं मुलींना उभं करा, जागच्या जागी उड्या, हात ताणणं, बस. नऊ तासिकांत पाच वेळा झालं तरी पंधरा मिनिटं. सुरुवातीला मला दोनच शिक्षिका मिळाल्या, तिसऱ्या वर्षी सात.

मुलींतूनच नेत्या निवडा, पण खेळात पहिल्या येणाऱ्या नकोत. त्या आपल्याच मैत्रिणींना घेतात. प्रत्येक तुकडीतून दोन अशा निवडा ज्यांचं वर्गात ऐकलं जातं, मग ती लिंबाखालची म्होरकी असली तरी. खरं तर तीच निवडा. मघाशी सांगितलेल्या ३६ शाळांच्या प्रयोगातही जो काही फरक पडला तो बाहेरची माणसं निघून गेल्यावर, शाळेतल्याच कुणीतरी काम अंगावर घेतल्यावर.

खाण्याबद्दल मी थोडंच लिहिते, कारण मुलींना खाण्यावरून बोलणारे घरीदारी शंभर जण असतात. शाळेत तेलकट, खारट, गोड पाकिटं विकू नयेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आतही नकोत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तो मुख्याध्यापकांना दाखवा, फाटकावरच्या माणसाशी तुम्ही भांडू नका. डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी आणणारीला कुणी ‘गावठी’ म्हटलं तर तिथं मात्र बोला. आणि सकाळी उपाशी आलेल्या मुलीला मैदानावर उतरवू नका, आधी दोन घास खायला लावा.

आयांची एक बैठक घ्या, शक्यतो बाजाराचा आणि पाण्याचा दिवस टाळून. ‘नववी लागली, आता खेळ बंद, क्लास सुरू’ हे तिथंच ठरतं. मी त्यांना अभ्यास वाढतो वगैरे पटवत बसत नाही. दहावीच्या वाढीव क्रीडागुणांचं सांगते, मग त्या कान देतात. काळी पडेल, पाय मोडेल, लग्न कसं होईल, हे सगळं निघतं. निघू द्या. पहिल्या बैठकीत फक्त ऐकायचं आणि एवढंच मागायचं की, पी.टी.च्या दिवशी ट्रॅकपँट धुतलेली असू दे.

मोजमाप करायचंच आहे, तर फिट इंडियाच्या चाचणीत ६०० मीटर धावणं, बसून पुढे वाकणं, पाठीवर झोपून अर्धं उठणं असं सगळं आहे. जूनला एकदा, जानेवारीत एकदा, प्रत्येकीचं कार्ड तिच्या स्वतःच्या हातात. दुसरीचं बघायचं नाही, भिंतीवर लावायचं नाही. उंची-वजन नियमानं नोंदवावंच लागतं, ते एकेकीला आत बोलावून, दार लोटून, आकडा मोठ्यानं न वाचता. जूनमध्ये सातव्या मिनिटाला पोचलेली मुलगी जानेवारीत साडेपाचला पोचली, की तिचं तिला कळतं. तुम्ही शाबासकी द्या, पण ‘बारीक झालीस गं’ असं म्हणू नका. ते वाक्य कौतुकाचं वाटतं, पण त्याच क्षणी ती पुन्हा काट्यावर उभी राहते.

मुख्याध्यापकांकडून एक सत्र मागून घ्या, दिवाळीपर्यंत. स्टॉपवॉचचा आकडा जुलैत आणि ऑक्टोबरात, एवढंच कबूल करा.

आणि पहिल्या आठवड्यात लिंबाखालच्या मुलींना उठवू नका. लांब दोरी घेऊन तुम्हीच तिथं जा, एक टोक स्वतः धरा आणि दुसरं त्या म्होरकीच्या हातात द्या. सावली तशीही तिथंच आहे.